लहान धंदा, खतावणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त भरलेल्या व्यापारी व कारागीर मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मनुष्य. धंदा कधी केलेला नाही आणि संगणकशास्त्राची पदवीही माझ्यापाशी नाही. तरी चिटणीसांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, ह्याचे कारण एवढेच की शाळेच्या संगणक-खोलीची किल्ली माझ्याकडे असते, आणि गेली दोन-तीन वर्षे शाळा सुटल्यावर कोणी ना कोणी पालक मोबाईल पुढे करून ‘सर, हे काय आहे जरा बघा’ म्हणत येतात. त्यांच्याबरोबर बसून जे पाहिले, करून बघितले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

आमचा हजेरीपट वाचला तरी आपला समाज पोटासाठी काय काय करत आला हे कळते. बागवान म्हणजे फळफळावळ, तांबोळी म्हणजे पानाचे दुकान, अत्तार म्हणजे अत्तर-सुगंधी, मणेर म्हणजे बांगड्या, मोमीन म्हणजे माग, नदाफ म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणे, शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणे. आडनावे राहिली, धंदे बरेचसे बदलले. आज ह्याच मुलांचे वडील बेकरी चालवतात, गॅरेज चालवतात, फर्निचर करतात, रेडिमेड कपडे शिवतात, मोबाईल दुरुस्त करतात. पण एक गोष्ट बदललेली नाही. धंदा लहान, माणसे घरचीच, आणि सगळा हिशेब मालकाच्या डोक्यात.

आता विषय ऐकूनच काहींच्या मनात आले असेल की, कृत्रिम बुद्धिमत्ता ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट. आपल्या दहा बाय बाराच्या गाळ्याशी तिचा काय संबंध? संबंध आहे. लहान दुकानदाराचे खरे भांडवल कोणते होते? गाळा नव्हे, मालही नव्हे. कोणते गिऱ्हाईक केव्हा येते, काय नेते, कोणाला उधार द्यावे, कोणाला नम्रपणे नाही म्हणावे, हे त्याला तोंडपाठ असे. गिऱ्हाईकाची नस ओळखणे हे त्याचे भांडवल. घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नेमके हेच भांडवल यंत्राच्या साहाय्याने उभे केले आहे. कोण काय घेतो, कोणत्या दिवशी घेतो, काय बघून न घेता परत जातो, ह्याची नोंद तिकडे लाखो माणसांची एकाच वेळी होते, आणि तीवरून उद्या काय पुढे मांडायचे ते यंत्र ठरवते. म्हणजे आपली विद्या आपल्याच विरुद्ध, मोठ्या प्रमाणावर, वापरली जात आहे. आणि आपल्याकडची विद्या मात्र मालकाबरोबर घरी जाते, आणि एक दिवस त्याच्याबरोबर कबरीत जाते. मुलगा गादीवर बसतो तेव्हा त्याला सगळे पहिल्यापासून शिकावे लागते. तोवर निम्मी गिऱ्हाइके तुटलेली असतात. असे झालेले दोन धंदे मी माझ्याच गल्लीत पाहिले आहेत.

हे यंत्र म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात सांगतो. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा शब्द नवा नाही. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात शास्त्रज्ञांची जी बैठक झाली, तिच्या आदल्या वर्षीच्या प्रस्तावात जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरला होता. पण तुमच्या-माझ्या हातात ही गोष्ट आली ती ३० नोव्हेंबर २०२२ नंतर, म्हणजे ओपनएआय ह्या संस्थेने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केल्यावर. त्यानंतर गूगल, मेटा आदी कंपन्यांनीही आपापली यंत्रे पुढे आणली. ह्या यंत्राला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा ह्याचा अंदाज ते त्या वाचनावरून बांधते आणि वाक्ये रचत जाते. मराठीत बोलले तर मराठीत उत्तर देते, कागदाचा फोटो दिला तर तो वाचते.

शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर हा विद्यार्थी बहुश्रुत आहे, अक्षर सुंदर आहे, पण त्याला एक खोड आहे. तो पेपर कोरा सोडत नाही. उत्तर येत असो वा नसो, तो पानभर लिहितोच, आणि चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ऐटीत लिहितो. असा विद्यार्थी आम्ही ओळखतो. त्याला गुण देताना लाल पेन जपून चालवावे लागते. शिवाय हा विद्यार्थी तुमच्या गावात कधी आलेला नाही. तुमच्या दुकानात कोणते बिस्कीट खपते हे त्याला ठाऊक नाही, आणि कोणी सांगितल्याशिवाय ते कळण्याचा मार्गही नाही.

इथेच खरा मुद्दा येतो. यंत्राला सांगायचे काय? आपल्याकडे लिहिलेले काही असेल तर सांगणार!

सूर-ए-बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत. ती नमाजाविषयी नाही, रोज्याविषयी नाही. ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्याकडे देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. तफसीर करणे हे माझे काम नव्हे. जाणकार उलेमा समोर बसले आहेत, चुकले तर ते सांगतील. मला फक्त एवढे दिसते की लिहिणारा वेगळा, मजकूर सांगणारा वेगळा आणि साक्षीदार वेगळा, अशी ही व्यवस्था आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला आपल्या दुकानात जागा द्यायची असेल तर ती लिहिणाऱ्याची, कातिबाची द्यावी. मजकूर सांगणे आणि साक्ष ठेवणे ही दोन्ही कामे आपल्याकडेच राहिली पाहिजेत. माझे सगळे म्हणणे एवढ्यात आले. बाकी राहिला तो तपशील. पण धंदा तपशिलातच चालतो, म्हणून तो सांगतो.

एक पालक बेकरी चालवतात. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई, आणि रमजानात शीरमाल. त्यांचे दुखणे एकच, परत येणारा पाव. सायकलवाले सकाळी घेऊन जातात, संध्याकाळी उरलेला आणून टाकतात. रोज किती येतो असे विचारले तर म्हणाले, ‘कधी कमी, कधी जास्त.’ ह्या उत्तरावर जगातले कोणतेही यंत्र काही करू शकत नाही. मी त्यांना म्हटले, यंत्राचे नंतर बघू, आधी शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ. किती भाजले, किती गेले, किती परत आले, आणि त्या दिवशी विशेष काय होते. ते म्हणाले, ‘सर, लिहायला येळ कुठाय?’ त्यांच्या आठवीतल्या मुलीने ते काम अंगावर घेतले. दीड महिना तिने एकही दिवस चुकवला नाही.

दीड महिन्यानंतर आम्ही त्या पानांचे फोटो काढून यंत्राला दिले आणि तक्ता करायला सांगितले. तक्ता दोन मिनिटांत झाला. मग मी मुलीला मूळ वही वाचायला लावली आणि तिच्या वडिलांना तक्त्यावर खुणा करायला. आम्ही वार्षिक परीक्षेचे गुण असेच ताडून पाहतो. एकाने वाचायचे, दुसऱ्याने टिकल्या मारायच्या. मुलीचा एक यंत्राने काही जागी नऊ वाचला होता, आणि एका ठिकाणी दोन ओळींची एकच ओळ केली होती. दुरुस्त केले. मगच पुढचा प्रश्न विचारला, की परत येणारा माल कोणत्या वारी जास्त आहे? उत्तर आले, आठवड्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसे जाताना पाव घेऊन जात, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावांकडे जाणाऱ्या सायकली जवळजवळ तशाच भरलेल्या परत येत. इतकी उघड गोष्ट, पण वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण रोजचा आकडा रोज विसरला जात होता. त्या एका दिवशी त्यांनी घाणा कमी केला. आपण म्हणाल, हे वहीवरून हातानेही काढता आले असते. आलेच असते! पण काढले कोणी नव्हते. यंत्राच्या निमित्ताने वही झाली, हाच मला पहिला लाभ वाटतो.

‘त्या दिवशी विशेष काय होते’ ह्या रकान्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या लोकांच्या धंद्यात तो रकाना नसेल तर यंत्र हमखास फसवते. यंत्र तारखा जुळवते त्या इंग्रजी कॅलेंडरने. आपली ईद चंद्रावर चालते, आणि चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. २०२४ मध्ये ईद-उल-फित्र ११ एप्रिलला झाली. २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे २०२४ च्या एप्रिलचे पहिले दहा दिवस रमजानचे होते, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये रमजानचा एकही दिवस नव्हता. आता शीरमाल, खजूर, शेवया, अत्तर किंवा कुर्त्याचे कापड विकणाऱ्याने ह्या दोन एप्रिलांचे आकडे यंत्रापुढे नुसते टाकले, तर ते गंभीरपणे सांगेल की तुमचा धंदा बसला. आणि मार्चचे टाकले तर म्हणेल की धंद्याला भरभराट आली! दोन्ही खोटे. कोणी त्याच्या सल्ल्याने पुढच्या एप्रिलसाठी माल भरला तर तो अंगावर पडेल. म्हणून वहीत इंग्रजी तारखेशेजारी चांद तारीख लिहा, उरूस, गणपती, दिवाळी, यात्रा, लग्नसराई, शाळांची सुट्टी लिहा. हे ज्ञान तुमच्याजवळ आहे, यंत्राजवळ नाही. मजकूर सांगणारा आपण असला पाहिजे, असे मी म्हणालो ते ह्यासाठी.

दुसरे काम पत्रव्यवहाराचे. आपल्यातले किती कारागीर हातातले कसब असून केवळ एक पत्र लिहिता येत नाही म्हणून मागे राहिले ह्याची गणती नाही. सरकारी कचेरीला अर्ज, बँकेला खुलासा, मुंबईच्या व्यापाऱ्याला दरपत्रक, परगावच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत उत्तर, हे सारे आता तोंडी सांगून लिहून घेता येते. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रमही २०२२ पासून भारतीय भाषांसाठी हेच दार उघडण्याचा प्रयत्न करतो आहे. घरी बोलतो ती दखनी मिसळली तर यंत्र गडबडते. तेव्हा सावकाश, छोट्या वाक्यांत बोलावे. आणि ते जे मराठी लिहिते त्यावर मराठीचा शिक्षक म्हणून माझी तक्रार आहे. उधारीची आठवण करून देणारा निरोप लिहून मागितला तर ते लिहिते, ‘प्रिय ग्राहक, आपली थकबाकी त्वरित अदा करून सहकार्य करावे.’ असा निरोप शेजारच्या चाचांना गेला तर चाचा दुकानाची पायरी चढायचे नाहीत. ‘चाचा, कापडाचे थोडे राहिले आहेत, ईदच्या आधी जमेल तसे पाठवा,’ एवढेच हवे असते. यंत्राकडून मजकूर घ्या, त्यातला निम्मा खोडा, आणि उरलेला आपल्या तोंडच्या शब्दांत फिरवा. खोडण्याचे काम लिहिण्यापेक्षा सोपे आहे. ज्याला लिहायला भीती वाटते त्याच्यासाठी हीच मोठी सोय.

भगिनींपैकी पुष्कळजणी घरून मसाले, पापड, शेवया करतात, शिवण घेतात. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणे त्यांना मी शिकवायला नको. त्यात त्या माझ्या पुढे आहेत. मालाचे वर्णन लिहिताना मात्र जपावे. एका विद्यार्थ्याच्या अम्मी काळा मसाला करतात. यंत्राने त्यांच्या मसाल्याबद्दल लिहून दिले की तो शंभर टक्के नैसर्गिक असून पचनाचे विकार दूर करतो. त्या म्हणाल्या, ‘मी असं कुठं म्हटलं?’ अगदी योग्य प्रश्न! यंत्राने हजारो जाहिराती वाचल्या आहेत, आणि जाहिरातीत असेच लिहितात हे त्याला पाठ आहे. पण पाकिटावर नाव त्यांचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जबाबदारी मालकावर येते. यंत्राला कोणी समन्स काढत नाही. त्यांनी ती ओळ काढून ‘मिरची घरी निवडून, खोबरे व मसाला वेगवेगळा भाजून’ अशी ओळ घातली. ती खरी होती आणि वाचायलाही बरी होती.

जबाबदारीचा विषय निघाला म्हणून कॅनडातील एक निकाल सांगतो. एअर कॅनडा ह्या विमान कंपनीने आपल्या संकेतस्थळावर प्रवाशांच्या शंकांना उत्तरे देणारे यंत्र बसवले होते. आजीच्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला त्या यंत्राने सांगितले की सवलतीचा अर्ज तिकीट काढल्यानंतरही करता येईल. कंपनीचा नियम तसा नव्हता. पैसे मागितले तेव्हा कंपनीने असा बचाव केला की, यंत्र जे बोलले त्याला यंत्र जबाबदार! ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. विमानांचा ताफा बाळगणाऱ्या कंपनीला जे चालले नाही ते आपल्या गॅरेजला किंवा टेलरिंगच्या दुकानाला कसे चालेल? गिऱ्हाइकाला आपोआप उत्तरे देणारे यंत्र बसवण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकान उघडण्याची वेळ आणि पत्ता सांगण्यापुरते ठीक. दर, मुदत, बदलून देण्याचे वचन, हे माणसानेच द्यावे.

कराच्या बाबतीतही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. केक-बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यंत्राचे वाचन एका तारखेपर्यंतचे असते. त्यानंतरचे त्याने शोधून पाहिले तर ठीक, नाही तर ते जुनाच दर छातीठोकपणे सांगते. दराची खात्री आपल्या कर सल्लागाराकडूनच करावी. बेरीज-वजाबाकीसुद्धा त्याच्या शब्दावर सोडू नये; कॅल्क्युलेटर अजून आपल्या खिशात आहे.

आणि अमानत. गिऱ्हाइकाने आपला फोन नंबर, पत्ता, मापे, उधारी आपल्याला विश्वासाने दिलेली असते. उधारीची वही जशीच्या तशी, नावानिशी, यंत्राच्या स्वाधीन करणे म्हणजे ती परक्या माणसाच्या घरी ठेवून येणे. नावाऐवजी अ, ब, क लिहिले तरी हिशेब तोच निघतो. आधार कार्ड, बँकेचे पासबुक ह्यांचे फोटो तर मुळीच देऊ नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली मंजूर झाला आहे. पण तो नसता तरी अमानतीत खयानत करू नये हे आपल्याला कायद्याने शिकवायला नको.

ह्या सगळ्याने हातच्या कसबाचे काय होणार, अशी भीती एका बुजुर्गांनी मघाशी बोलून दाखवली. त्यांच्यासाठी मिरजेचे उदाहरण देतो. शिकलगार घराणी पूर्वी तलवारी-भाल्यांना धार लावीत. संस्थानांची युद्धे संपली, हत्यारांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्यातील मंडळींनी तंबोरा-सतार घडवायला घेतली, आणि सतारमेकर हेच आडनाव झाले. पोलादावर चालणारा हात भोपळ्यावर आणि लाकडावर चालू लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता ह्या धंद्यात यंत्राने काय करावे? परदेशातील गायकाचे इंग्रजी पत्र वाचून दाखवावे, उत्तर लिहावे, पार्सलच्या कागदांची यादी करावी, कोणाला कोणता सूर लावून दिला होता त्याची नोंद शोधून द्यावी. पण जवारी लावताना घोडीवर कानस किती फिरवायची हे कारागिराचा कान सांगतो. तो कान तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जातो. पत्रे लिहिण्यात जाणारा वेळ वाचून तो पोराला शेजारी बसवून घेण्यात गेला तर कसबाचा फायदाच आहे.

सगळ्यांना मात्र हे सांत्वन देता येणार नाही. आपली पुष्कळ मुले डीटीपी, टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म भरणे ह्या कामांवर उभी आहेत. लग्नपत्रिका, फलक, अर्ज, भाषांतर, हे काम यंत्राच्या तोंडचे आहे, आणि गिऱ्हाईक आता ते घरीच करू लागले आहे. ह्या मुलांनी अगोदर हालचाल करावी. यंत्राने काढलेल्या चित्रातली देवनागरी अक्षरे कित्येकदा चुकीची येतात, जोडाक्षरे फुटतात. उर्दू मजकूर तर ते अनेकदा मोडून टाकते. शुद्ध मराठी, शुद्ध उर्दू तपासून देणारा माणूस ही गरज राहणार आहे. शिवाय आजूबाजूच्या दहा दुकानदारांच्या वह्यांचे तक्ते करून देणे, त्यांची पत्रे लिहून देणे, हे नवे काम ह्याच मुलांनी घ्यावे. पूर्वी बाजारात एक मुनीम चार पेढ्या सांभाळी, तसेच. पण त्यासाठी भाषा चांगली पाहिजे, आणि ‘कॉम्प्युटरला मराठी कशाला लागते’ हे वाक्य मला वर्गात दर वर्षी ऐकावे लागते.

खर्चाविषयी एकच. सुरुवातीला एक पैसाही खर्च करू नये. हातातला मोबाईल आणि फुकट मिळते तेवढे यंत्र पहिल्या तीन महिन्यांना पुरते. आजकाल जुन्याच बिलाच्या सॉफ्टवेअरवर ‘एआय’ची चिठ्ठी चिकटवून वर्षाची वर्गणी आगाऊ मागणारे विक्रेते हिंडत आहेत. त्यांना म्हणावे, माझ्याच वहीचे एक पान घेऊन इथे बसून करून दाखवा. जो दाखवील त्याच्याशी पुढे बोलावे. आणि ज्यांच्या डोक्याला एकही असे काम खुपत नाही, ज्यांचा गल्ला, माल आणि गिऱ्हाईक सारे हातात आहे, त्यांनी शेजाऱ्याने घेतले म्हणून यंत्र घेऊ नये.

१९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पुढाकार घेतला, बोर्डिंगला बळ दिले. तेव्हापासून ह्या भागातील आपल्या शिक्षणसंस्थांनी मुलांना नोकरीसाठी तयार केले, आणि ते योग्यच झाले. पण नोकरी थोड्यांना मिळाली. बहुतेकजण वडिलांच्या दुकानावर परतले, आणि शाळेचा व दुकानाचा संबंध दाखल्याबरोबर संपला. तो पुन्हा जोडावा म्हणून मी संचालक मंडळाकडे एक मागणी केली होती, आणि ती मान्य झाली हे सांगायला आनंद वाटतो. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा संगणक-खोली व्यापाऱ्यांसाठी आणि घरून धंदा करणाऱ्या भगिनींसाठी उघडी राहील. फी नाही. एका वेळी आठजण घेऊ, कारण खुर्च्या तेवढ्याच आहेत. नववीच्या काही मुली मदतीला थांबणार आहेत, त्यांच्या पालकांना विचारले आहे.

येताना प्रत्येकाने निदान पंधरा दिवस लिहिलेली वही आणावी. वहीशिवाय आलेल्यांना मी चहा देईन आणि कोरी वही देऊन परत पाठवीन. हिशेब उर्दूत लिहिलेला असला तरी चालेल, मराठीत असला तरी चालेल, अक्षर कसेही असले तरी चालेल. फक्त उधारीवाल्यांच्या नावांवर घरूनच कागदाची पट्टी चिकटवून आणा.